आकड्यांचा कंटाळा असेल तर शिवारातली कोणती कामं धरावीत, आणि कशी

शेतीत हिशेब लागतोच, पण तो ठराविक जागी लागतो: औषधाचं प्रमाण, खताची वाटणी, रानाचं क्षेत्र, मालाचं वजन आणि मजुरी. उरलेलं बहुतेक काम डोळ्यांचं, बोटांचं आणि सवयीचं असतं. आकडे पाहिले की ज्यांचं डोकं चालेनासं होतं त्यांनी ही चार-पाच ठिकाणं ओळखून ठेवावीत आणि तिथले आकडे एकदाच, जाणत्या माणसाकडून, काठी-दोरी-बादलीवर उतरवून घ्यावेत. पुढे वर्षभर ती काठीच मोजते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि अथणी या पट्ट्यातली पिकं डोळ्यांसमोर ठेवून, कोणती कामं अशा माणसाला जमतात, ती नीट कशी करायची आणि कुठे फसायला होतं, ते पुढे दिलं आहे.

आधी अवजारांची तयारी

चार वस्तू लागतात आणि त्या अर्ध्या तासात तयार होतात.

पहिली, ३३ फुटी नायलॉन दोरी. दुकानातच मोजून कापून घ्या आणि टोकं जाळून घ्या, नाहीतर धागे सुटून लांबी बदलते. ही दोरी लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा बसली की तेवढी जागा एक गुंठा. असे ४० तुकडे म्हणजे एकर. दोरी मधोमध दुमडली की अर्धी, परत दुमडली की पाव. वाफे आखायला एवढं पुरतं.

दुसरी, लावणीची दोरी. तिच्यावर दर १५ सेंटीमीटरला लाल चिंधी बांधायची. सुरुवातीला एकदा पट्टी धरून घ्या, नंतर लागत नाही. पट्टी नसेल तर चार बोटं जुळवून दोनदा ठेवली की साधारण १५ सेंटीमीटर होतात. मात्र एकाच माणसाच्या हाताने पूर्ण दोरी बांधा. दोघांच्या बोटांत फरक असतो आणि तो रानात दिसतो.

तिसरी, साधारण दीड हात लांबीची काठी. तिच्यावर चाकूने खाचा पाडायच्या: २० सेंटीमीटर भाताच्या दोन ओळींना आणि रताळ्याच्या दोन वेलांना, ३० सेंटीमीटर एक डोळ्याच्या उसाला, ६० सेंटीमीटर रताळ्याच्या दोन वरंब्यांना. खाचा रंगवून घ्या: लाल भाताची, हिरवी उसाची. ज्याला आकडा वाचायचा नाही त्याला रंग वाचता येतो.

चौथी, दहा लिटरची बादली. दहा लिटर पाणी ओतून आतून ऑइल पेंटने रेघ मारा.

खताची पोती वाटायची युक्तीही इथेच सांगतो. एका एकरात युरियाचं एक पोतं टाकायचं ठरलं असेल, तर रान आधी रानाच्या लांबीएवढी दोरी दुमडत निम्मं, मग पाव, मग आठवा भाग असं आखून घ्या. पोतं ताडपत्रीवर ओता, ढीग फावड्याने निम्मा करा, प्रत्येक निम्म्याचा परत निम्मा, आणि आणखी एकदा. आठ ढीग, आठ पट्टे. भागाकार झाला आणि कुणी तो केलाही नाही. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, डीएपीचं ५० किलोचं. ‘जुन्या पोत्याचा’ हिशेब सांगणाऱ्याचं ऐकलं तर खत कमी पडेल.

नट्टी

या भागात सगळ्यात जास्त हात लागतात ते नट्टीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आणि आकड्यांचा धाक नसलेलं यापेक्षा चांगलं काम दुसरं नाही. येळ्ळूर-शहापूर-वडगावच्या शिवारातलं बासमती असो किंवा पश्चिम भागातलं आणि खानापुरातलं इंद्रायणी, हात तोच चालतो. जिथे रोहिणीत धूळवाफ पेरणी होते, म्हणजे कोरड्या रानात थेट बी पेरतात, तिथे नट्टी लागत नाही, भांगलण (खुरपणी) मात्र दुप्पट लागते. काम शोधताना हे लक्षात असू द्या.

बियाण्यापासून सुरुवात करायची तर मिठाचं पाणी करा. दहा लिटरच्या रेघेपर्यंत बादली भरा. एक किलो मिठाच्या पुड्याचे तीन सारखे ढीग करा आणि त्यातला एक ढीग बादलीत विरघळवा. त्यात बी सोडून ढवळलं की पोचट दाणे वर येतात, ते काढून टाका. तळाचं बी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. धुणं टाळलं तर मीठ उगवणीला मारतं.

तरवा, म्हणजे वाफ्यातली भाताची रोपं, केव्हा तयार झाला हे दिवस न मोजताही कळतं. रोप वीतभर उंच असतं आणि त्याला चार-पाच पानं असतात. साधारण २१ ते २५ दिवसांत तो असा होतो. बुडाशी गाठ धरून दांडा टणक लागायला लागला की तरवा जून झाला. असा तरवा लावला तर फुटवे कमी येतात आणि मग कितीही युरिया टाकला तरी भरपाई होत नाही. पाऊस उशिरा आला म्हणून तरवा वाफ्यात तसाच ठेवणं हा या भागातला नेहमीचा तोटा आहे. दोन टप्प्यांत थोडा-थोडा तरवा टाकणं त्यावरचा उपाय.

तरवा काढताना आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्या. मुळाजवळ धरून, तिरकं ओढून, एका वेळी थोडी रोपं काढा. शेंड्याला धरून ओढलं की दांडा पिचतो. मुळांची माती पाण्यात हेलकावून धुवा. पायावर आपटून माती झाडायची सवय जुनी आहे, पण त्यात मुळं तुटतात आणि रोप रानात आठवडाभर पिवळं बसतं.

चिखलणी झाली की लगेच उतरायचं की थांबायचं, हे मातीवर ठरतं. तांबड्या, हलक्या रानात त्याच दिवशी लावा, नाहीतर चिखल आवळतो. चिकट काळ्या रानात एक रात्र चिखल बसू द्या, नाहीतर रोप आपोआप खोल जातं. पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत ठेवायचं. त्याहून जास्त असेल तर वाऱ्याने रोपं उपळतात.

लावताना चिंधीजवळ दोन-तीन रोपं धरा आणि तर्जनीच्या पहिल्या पेराएवढीच खोल, सरळ उभी खोचा. इथे बहुतेकांचा हात चुकतो, कारण खोल लावलं की रोप पक्कं उभं राहिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात खोल गेलेल्या रोपाला आधी वरच्या भागात नवीन मुळं काढावी लागतात आणि त्या भानगडीत फुटव्यांचे दिवस निघून जातात. पाच-सहा रोपांचे झुबके लावणं हीही तशीच चूक. एका ठिकाणी गर्दी झाली की फुटवे बारीक येतात आणि लोंब्या आखूड राहतात. ओळ संपली की दोरी काठीवरच्या लाल खाचेएवढी मागे सरकवायची आणि मागे मागे यायचं. तुडतुडे पडणाऱ्या रानात मधून मधून दोन खाचांएवढी मोकळी वाट ठेवली की हवा खेळते. पुढे औषध मारायलाही तीच वाट कामाला येते.

आठवडाभराने रानात फिरून जिथे रोप मेलं तिथे उरलेल्या तरव्याची रोपं लावा. दहा दिवसांनंतर नांगे भरले तर ती रोपं मागे पडतात आणि काढणीला हिरवीच राहतात.

पाणी पाजणं

दारे धरायचं काम वरून सोपं दिसतं. त्यात सगळ्यात मोठा गुण लागतो तो वाफसा ओळखण्याचा. रानातली मुठभर माती, वरची कोरडी बाजूला सारून, चार बोटं खालून घ्या. लाडू वळून छातीएवढ्या उंचीवरून सोडा. लाडू वळलाच नाही तर रान कोरडं आहे, पाणी द्या. वळला आणि पडून फुटला तर वाफसा आहे, कोळपणी-भांगलणीला रान तयार. पडून चपटा झाला पण फुटला नाही तर अजून ओल आहे, पाय घालू नका. काळ्या रानात ओल्यात पाय पडले की माती दबते आणि वाळल्यावर भेगा पडतात.

उसाचं पान दुपारी गुंडाळलं तर घाबरायचं कारण नाही. सकाळी गुंडाळलेलं दिसलं की पाणी ओढतंय. सरीत पाणी सोडताना ते टोकाला पोहोचायची वाट पाहू नका. टोकाच्या चार-पाच हात अलीकडे आलं की दार फिरवा, उरलेलं आपोआप जाईल. टोकाला डबकं साचलं की तिथला ऊस पिवळा पडतो. कृष्णाकाठच्या भारी रानांत तर जास्त पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो. असा थर दिसला की मालकाला दाखवा. पाण्याची पाळी वाढवून तो जात नाही, उलट वाढतो. त्याला चर काढून निचरा लागतो.

भातात काढणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडायचं. लोंब्या वाकल्या आणि वरचे दाणे पिवळे पडून बुडाशी थोडे हिरवे उरले, ती खूण. उशिरा तोडलं तर रान ओलं राहतं आणि कापलेलं भात भिजतं.

पंपाच्या थ्री फेज विजेची वेळ विचारून लिहून घ्यायची गरज नाही, पंपाजवळच्या शेजाऱ्यालाही ती माहीत असते. ओल्या हाताने स्टार्टर मात्र कधीही दाबू नका आणि रात्री बॅटरीशिवाय सरीत उतरू नका.

भांगलण

भांगलणीबद्दल फार सांगायला नको. तण दोन-तीन पानांचं असताना काढलं तर खुरपं वर-वर चालतं, फुलावर आलं की मुळासकट उपटावं लागतं. सोयाबीनमध्ये पहिली भांगलण चुकली की पुढची सगळी कामं महाग पडतात. भातात लव्हाळा दिसला तर नुसतं पान तोडून उपयोग नाही, गाठ खाली राहते आणि परत फुटते. बांधाकडेचं तण फुलायच्या आत कापा, बी तिथूनच आत येतं.

रताळी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी दूरवर जातात. या पिकात मोजण्याचं काम जवळजवळ नाहीच.

वेलाचा शेंडा निवडा, कारण शेंड्याकडचा तुकडा बुडाकडच्यापेक्षा लवकर मुळं धरतो. वीत-सव्वा वीत लांबीचे तुकडे कापा आणि दोन दिवस सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवा. डोळ्यांजवळ पांढरी मुळं डोकावायला लागतात, मग लावा. तीन-चार डोळे मातीत आणि शेंडा बाहेर असा तिरका लावायचा. वरंबे काठीच्या ६० सेंटीमीटरच्या खाचेवर, वेल २० च्या खाचेवर.

वेल पसरले की महिन्या-दीड महिन्याने ते उचलून वरंब्यावर परतवायचे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक डोळ्यातून मुळं फुटतात आणि तिथे बोटाएवढी फालतू रताळी लागतात, मुख्य कंद बारीक राहतो. परतवताना वेल पिळू नका, तोडू नका. वरंब्याला भेग पडलेली दिसली की मातीने बुजवा. त्या भेगेतून भुंगा कंदापर्यंत पोहोचतो, आणि पोखरलेलं रताळं शिजवलं तरी कडू लागतं.

काढणीची परीक्षा: एक रताळं कापून ठेवा. चीक वाळून कापलेला भाग पांढरट राहिला तर तयार, काळपट-हिरवट झाला तर अजून थांबा. खणताना कुदळ वरंब्याच्या बाजूने घाला, वरून नको. कापलेलं रताळं वेगळं काढा. ते गोणीत गेलं तर सोबतची दोन-चार नासवतं. पावसाळी बटाट्यालाही हीच काळजी लागते. शिवाय ओल्या हंगामात बेणं कापून लावू नका, अंड्याएवढा अख्खा बटाटा लावा. कापलेलं बेणं ओलीत कुजतं.

ऊस लागण

चिक्कोडी, रायबाग, अथणीत हे काम सगळ्यात जास्त मिळतं. बेणं नऊ ते अकरा महिन्यांच्या लागणीच्या उसाचं असावं, खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेल्या उसाचं, नको. टिपरी (बेण्याचे तुकडे) कापताना कोयता धारदार हवा. बोथट कोयत्याने पेर चिरतं आणि तिथून बुरशी शिरते.

दोन डोळ्यांची टिपरी ठेवताना डोळे बाजूला येतील अशी ठेवा. एक डोळ्याची असेल तर डोळा वर, आणि दोन टिपऱ्यांत हिरव्या खाचेएवढं अंतर. डोळा खाली गेला तर कोंब वळसा घेऊन येतो आणि मागे पडतो. हलक्या रानात ओली लागण, म्हणजे सरीत पाणी सोडून टिपरी पायाने दाबायची. भारी रानात कोरडी लागण करून मग हलकं पाणी. ओल्या लागणीत पाय जोरात मारला की टिपरी खोल गाडली जाते आणि डोळा कुजतो. नवख्या टोळीच्या रानात नांगे पडतात ते बहुतेक याच कारणाने.

नर्सरीतलं काम

उन्हातान्हाचं काम झेपत नसेल त्यांनी नर्सरी बघावी. कोबी, मिरची, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये करतात आणि एका ट्रेला ९८ खड्डे असतात. मोजायचं काम ट्रेच करतो: एका खड्ड्यात एक बी, खड्डे संपले की ट्रे संपला. कोकोपीट मुठीत दाबल्यावर बोटांमधून एक-दोन थेंबच यावेत. धार आली तर पाणी जास्त झालं. बी नखाच्या निम्म्या खोलीवर टाकून वरून कोकोपीटचा पातळ थर द्या. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाका आणि तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघा. पहिला पांढरा कोंब दिसला की लगेच ट्रे पसरा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं उंच, पांढरी आणि लुळी होतात. ती सुधारत नाहीत. रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडायला लागलं की मर लागली. तिचं मूळ बहुधा संध्याकाळच्या जादा पाण्यात असतं, म्हणून पाणी सकाळी द्या.

खानापूर भागात काजूची कलमं बांधणाऱ्यांना चांगली मागणी असते. हे कसबाचं काम आहे, शिकायला एक हंगाम जातो. फांदी आणि रोप यांची जाडी सारखी असणं, पाचर एका घावात कापणं आणि प्लॅस्टिकची पट्टी पाणी न शिरेल इतकी घट्ट बांधणं, या तीन गोष्टींवर कलम जगतं. फांदीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापतात, म्हणजे डोळे फुगतात. पाचर दोनदा तासली की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि सांधा धरत नाही.

निपाणीची तंबाखू

शेंडा खुडणं आणि बगलफुटी काढणं, दोन्ही डोळ्याची कामं. कळी दिसली की शेंडा खुडायचा. त्यानंतर पानांच्या बगलेतून फुटवे येतात, ते बोटाएवढे असतानाच मोडायचे, आठवड्याला एक फेरी. ते वाढू दिले तर पान पातळ आणि हलकं होतं. पानावर तांबूस-तपकिरी ठिपके पसरले की ते काढणीला आलं.

एक धोका माहीत असलाच पाहिजे. हिरवं, ओलं पान अंगाला लागलं की निकोटिन कातडीतून आत जातं आणि चक्कर, उलट्या, डोकेदुखी सुरू होते. म्हणून हिरव्या पिकात दव वाळल्यावरच शिरा, पूर्ण बाहीचा सदरा आणि हातमोजे घाला. कपडे भिजले तर बदला. वाळलेल्या पानाचं उलट आहे: ते पहाटेच्या दवावर हाताळतात, कारण तेव्हा ते मऊ असतं. उन्हात हात लावला की चुरा होतो.

जिथे अंदाज चालत नाही

औषध फवारणी. हे काम आकडे टाळणाऱ्याने एकट्याने धरू नये. पंप पाठीवर घ्या, पण औषध मोजण्याचं काम दुसऱ्यावर सोपवा किंवा दुकानदाराकडूनच ‘एका पंपाला एवढं’ असं सुई नसलेल्या सिरिंजवर चिकटपट्टी लावून खूण करून घ्या. प्रत्येक औषधाची सिरिंज वेगळी आणि ती त्याच बाटलीला बांधलेली. बाटलीच्या टोपणाने मोजू नका, टोपणं सारखी नसतात. तुमचा पंप किती लिटरचा आहे हेही दुकानात सांगा, १५ आणि १६ लिटरचे दोन्ही चालतात.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघायची सवय लावा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात कमी. त्रिकोणाला भाषा लागत नाही, त्यामुळे माहितीपत्रक कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, एवढं तरी कळतं. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा. धुतलेल्या पंपात उरलेला अंशही कोबी-मिरचीला जाळतो. वारा पाठीकडून घ्या.

ठिबकमधून विद्राव्य खत सोडणं आणि अथणीकडच्या द्राक्षबागांत घड बुडवायचं द्रावण बनवणं ही कामंही याच खात्यातली. घड बुडवायचे, विरळणी करायची, हे खुशाल करा. द्रावण दुसऱ्याने बनवू दे.

मजुरीचा हिशेब

रोजाने काम असेल तर घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेवर फुली मारा, अर्धा दिवस असेल तर नुसती तिरकी रेघ. आठवड्याला मालकाच्या हजेरी वहीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पैऱ्यावर, म्हणजे कामाच्या बदल्यात काम असं, जात असाल तर दोन डब्यांत चिंचोके टाका: एका डब्यात आपण त्यांच्याकडे गेलो ते, दुसऱ्यात ते आपल्याकडे आले ते.

गुत्त्याने (ठोक ठरवून) काम घेताना ‘अंदाजे एकर’ ऐकून होकार देऊ नका. पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) क्षेत्र असतं ते विचारा, आणि बांध, विहीर, खळं वगळून किती उरतं ते ३३ फुटी दोरीने मालकासमोरच मोजा. टोळीत एकाला तरी हिशेब जमतो. दर ठरवताना त्याला पुढे करा आणि ठरलेलं मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा.

नवीन माणसाने सुरुवात मृगाच्या आसपास करावी. तेव्हा भांगलण आणि तरव्याचं काम निघतं, चुका स्वस्तात पडतात, आणि आषाढात नट्टी लागेपर्यंत हात बसलेला असतो. बियाण्याची आणि सवलतीची चौकशी होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात होते. तिथे जाताना आधार कार्डाची आणि पहाणीची झेरॉक्स सोबत घ्या.